कोकणातल्या लहान गावात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे दुकान आता चालेल का?

आपण विचारले आहे की, आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर सिंधुदुर्गातल्या आपल्या गावी वडिलांचे बंद पडलेले टीव्ही दुरुस्तीचे दुकान पुन्हा उघडावे, की नव्या वस्तू ऑनलाइन स्वस्त मिळत असल्यामुळे तो विचार सोडून पुण्या-मुंबईत नोकरी पाहावी. माझे दुकान देवगड तालुक्यात आहे. वडिलांनी ते रेडिओ दुरुस्तीसाठी काढले आणि १९९६ पासून ते मी सांभाळतो. माझ्या मते आपले दुकान चालेल, पण आपल्या वडिलांनी चालवले त्या पद्धतीने चालणार नाही.

१९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडे टीव्ही संच येऊ लागले. त्या काळी आमचे खरे भांडवल म्हणजे सुटा भाग कुठे मिळतो याची माहिती. महिन्यातून एकदा वडील रात्रीच्या एसटीने मुंबईला जात आणि लॅमिंग्टन रोडवरून आयसी, ट्रान्झिस्टर, पिक्चर ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारे ईएचटी ट्रान्सफॉर्मर पिशवीत भरून आणत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर हाच प्रवास मी कणकवलीहून करू लागलो. आज तोच भाग कोणीही घरबसल्या मागवू शकतो, तेव्हा त्या माहितीच्या बळावर दुकान उभे राहणार नाही.

एक चूक मी केली, ती आपण करू नये म्हणून सांगतो. २००९ च्या गणपतीआधी एका घाऊक व्यापाऱ्याने मोठी सूट दिली म्हणून मी पिक्चर ट्यूबचे चौदा संच एकदम भरले. त्याच वर्षी चाकरमानी मुंबईहून येताना सपाट पडद्याचे टीव्ही घेऊन आले. माझे पाच संच गेले आणि उरलेले पुढे खरेदीच्या निम्म्या किमतीला द्यावे लागले. तेव्हापासून, एखाद्या मालावर अचानक मोठी सूट मिळू लागली की तिचे कारण कळेपर्यंत मी तो माल घेत नाही.

त्यानंतर मी दुरुस्तीला आलेल्या वस्तूंची नोंद बिघाडाच्या कारणासह ठेवू लागलो आणि दोन-तीन वर्षांत एक गोष्ट स्पष्ट झाली. वस्तू बदलत गेल्या, पण त्या ज्यामुळे बिघडतात ती कारणे इथे तीच राहिली: खारे वारे, पावसाळ्यातला दमटपणा, वळवाच्या विजा आणि कच्चे अर्थिंग. गेल्या मे महिन्यात किनाऱ्यावरच्या एका होमस्टेमधून इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटचा बोर्ड माझ्याकडे आला. कंपनीच्या माणसाने पूर्ण बोर्ड बदलायला सांगितला होता. भिंगाखाली पाहिले तर एका कोपऱ्यात संरक्षक लेप उडालेला होता, तिथल्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडून दोन ठिकाणी तुटल्या होत्या आणि रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचच्या, बुडाशी मुंग्यांनी घर केले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुतला, वाळवला, तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडल्या, रिले बदलला आणि संपूर्ण बोर्डावर नवा लेप दिला. तो एसी अजून चालू आहे. आता दर मार्चमध्ये त्या परिसरातल्या सहा होमस्टेचे बोर्ड मी उघडून पाहतो आणि त्याचे ठरलेले वार्षिक पैसे घेतो.

अर्थिंगविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इथल्या कामाचा मोठा भाग त्यातच आहे. आपल्याकडची जमीन बहुतेक जांभ्याची आहे. पावसात ती ओली असते तोवर अर्थिंग बरे वाटते, पण एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, जमिनीत वीज जाण्याला होणारा रोध वाढतो आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा सुरू होतात. एका गडगडाटात सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि टीव्ही अशा तिन्ही वस्तू जळालेली घरे मी दरवर्षी पाहतो. नवी वस्तू विकून मोकळे होणे सोपे असते, पण मी आधी अर्थिंग मोजून देतो, खड्डा दुरुस्त करून घेतो आणि विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर वीज परत आली, त्या आठवड्यात या कामाची किंमत लोकांना कळली.

मासेमारीच्या गावात असाल तर १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ आपला हंगाम आहे. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा मासळीचा थवा दाखवणारे फिश फाइंडर, जीपीएस आणि वायरलेस संच तपासायला येतात. त्यांतला निम्मा बिघाड मिठाने खाल्लेल्या कनेक्टरचाच असतो. पैसे मात्र नारळी पौर्णिमेनंतर, मासळी लागल्यावर मिळतात, म्हणून तेवढी उधारी सोसण्याची तयारी ठेवावी.

टीव्हीच्या दुरुस्तीचे काम संपलेले नाही, फक्त त्याची मर्यादा ओळखावी लागते. आवाज येतो आणि पडदा काळा दिसतो अशा संचावर अंधारात टॉर्च तिरपा धरावा. पुसट चित्र दिसले, तर बहुधा बॅकलाइटची पट्टी किंवा तिचा पुरवठा गेलेला असतो, आणि ते काम परवडते. पॅनल फुटले असेल तर ग्राहकाला खर्चाचा आकडा सांगून नवा संच घेण्याचा सल्ला द्यावा. ऑनलाइन घेतलेला टीव्ही बसवून देण्यास मी कित्येक वर्षे नकार देत होतो. विक्री दुसऱ्याची आणि हमाली माझी, असे मला वाटे. आज ते काम मी मनापासून करतो, कारण भिंतीवर टीव्ही बसवताना त्या घरचे वायरिंग पाहता येते आणि पुढची दहा वर्षे तेच घर मला फोन करते.

छतावरच्या सौर यंत्रणेचे कामही शिकून घ्या. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, त्यामुळे गावोगावी यंत्रणा बसत आहेत. त्यांच्या इन्व्हर्टरची वॉरंटी संपेल तेव्हा खाऱ्या हवेत काम केलेला बोर्ड उघडणारा माणूस जवळपास लागेल.

सुरुवातीला विक्रीचा माल भरू नका. गरम हवेने बोर्डावरचे भाग काढण्या-बसवण्याचे चांगले हॉट एअर स्टेशन, करंट मर्यादित करता येणारा पॉवर सप्लाय, भिंग आणि अर्थ टेस्टर एवढे घ्या, आणि सुटे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, नाहीतर एका पावसाळ्यात त्यांचे पाय काळे पडतात आणि त्यांना सोल्डर धरत नाही. वडिलांच्या नोंदवह्या घरात असतील तर दुकान उघडण्याआधी त्या वाचून काढा. कोणत्या वाडीत वीज वारंवार पडते आणि कोणत्या घरातले संच पुन्हापुन्हा जळाले, हे त्यांत लिहिलेले असेल, आणि पहिल्या महिन्यात कुणाच्या दारात जायचे ते त्यावरून ठरवता येईल.