वाचक विचारतात: मंगळावर परभणीची पलटण

प्रश्न : माझ्याकडे १/७२ मापाचे प्लास्टिकचे ब्रिटिश शिपाई आहेत. टेबलावरच्या युद्धखेळात व्हिक्टोरियन काळातली मंगळावरची काल्पनिक लढाई मांडायची आहे. सोबत २८ मिमीच्या धातूच्या बाहुल्या चालतील का? नियम कोणते घ्यावेत?
– एक वाचक, परभणी

उत्तर : एकाच तुकडीत नकोत. १/७२चा शिपाई जेमतेम २४ मिमी भरतो. २८ मिमी हे माप बहुधा तळव्यापासून डोळ्यांपर्यंतचं, शिवाय डोकी नि बंदुका जाड. शेजारी तुमचा शिपाई पोरगेला दिसेल. मंगळवासी मात्र खुशाल २८चे घ्या, परग्रहावरचा प्राणी थोराड असला तर हरकत कोण घेणार!

नियमांना उंचीपेक्षा तळाचं, म्हणजे बाहुली ज्या चकतीवर उभी असते तिचं, महत्त्व जास्त. सगळ्यांना २५ मिमीचे गोल तळ लावा. दहा-बारा बाहुल्यांच्या चकमकीला २०१३ची 'इन हर मॅजेस्टीज नेम' ही नियमावली पुरते.

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मे महिन्यातल्या दुपारी मारू नका. रंग हवेतच वाळतो नि खरखरीत बसतो. सकाळीच उरका.