मुलीचा मायक्रोफ्लुइडिक्सचा प्रोजेक्ट: करू द्यावा की कोडिंगला घालावं?

नमस्कार ताई, तुमची मुलगी केमिकल इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, सरांनी तिला मायक्रोफ्लुइडिक्सचा, म्हणजे केसाएवढ्या बारीक चॅनलमधून पाणी सोडून त्यातले कण आकाराप्रमाणे वेगळे करायचा प्रोजेक्ट दिलाय, आणि घरचे म्हणतायत हे सोड नि कोडिंगचा क्लास लाव. मला विचाराल तर प्रोजेक्ट करू द्या.

आधी ती नेमकं काय करणार ते सांगते, कारण घरात बहुतेक सगळ्यांना ही चाळणीच वाटत असणार. चाळणीत मोठा कण अडकतो, इथे अडकतच नाही! २००४ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलेली पद्धत अशी की चॅनलमध्ये बारीक खांबांच्या रांगा, दोन खांबांतली फट कणापेक्षा मोठीच, फक्त प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा जराशी सरकवलेली. लहान कण पाण्याबरोबर नागमोडी वळत सरळ पुढे जातो, मोठा मात्र दर खांबाला थोडा बाजूला ढकलला जातो आणि शेवटी दुसऱ्याच तोंडातून बाहेर पडतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अशा वेगळ्या काढता येतात. लाल पेशी साधारण ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद पण चपटी, जाडी जेमतेम २, त्यामुळे ती आडवी जाते की उभी यावर तिचा रस्ता बदलतो, मला तर हे अजूनही भारी वाटतं.

आता नोकरीचं. नुसत्या बी.ई.वर या विषयातल्या जागा कमी, हे खरंय. खरं काम एम.टेक., पीएच.डी.नंतर, म्हणून आवड टिकली तर गेट द्यायची, आयआयटी मुंबई किंवा बंगळुरूच्या आयआयएससीकडे बघायचं. पण कॅम्पस प्लेसमेंटला बसायचंच, ते सोडू नका. आणि कोडिंग वेगळं कशाला, मायक्रोस्कोपच्या व्हिडिओतले कण मोजायला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागतेच, ती यातच शिकेल आणि इंटरव्ह्यूला दाखवायला स्वतःचं काम असेल.

तिला एक सांगा, सुरुवात रक्ताने नको, त्याला एथिक्स कमिटीची परवानगी लागते, त्यात महिने जातात. आधी पॉलिस्टायरिनचे म्हणजे प्लास्टिकचे अतिबारीक मणी घ्यायचे, दोन मापाचे. चॅनलमध्ये हवेचा एक बुडबुडा अडकला की अख्खा दिवस जातो, तेव्हा ती रडवेली होऊन घरी येईल, त्या दिवशी "सांगितलं होतं ना" एवढं म्हणू नका.

आणि याच आठवड्यात सरांना विचारायला लावा की चिप, म्हणजे ते चॅनल कोरलेली छोटी पट्टी, कोण बनवून देणार आणि पाणी हळूहळू सोडणारा सिरिंज पंप कॉलेजात आहे का. दोन्ही नसेल तर विषय तोच ठेवून कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनचा प्रोजेक्ट मागून घ्या.