नवे संकेतस्थळ गूगलच्या शोधात येण्यासाठी कुठे नोंदवावे लागते?

नोंदणीसाठी गूगल एक रुपयाही घेत नाही, त्यामुळे 'शेकडो सर्च इंजिनांत नोंद करून देतो' असे सांगून पैसे मागणाऱ्यांना सरळ नकार द्यावा. कोणालाही पत्ता भरता येईल असे गूगलचे जुने पान २०१८ मध्येच बंद झाले. आता गूगल सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनामध्ये संकेतस्थळाची मालकी सिद्ध करून तेथे साइटमॅप, म्हणजे आपल्या पानांच्या पत्त्यांची यादी, सादर करता येते. अशा एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात. बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनाच्या वेबमास्टर टूल्समध्ये हीच माहिती सर्च कन्सोलमधून थेट आणता येते.

एवढे करूनही पाने दिसत नसतील, तर दोष बहुधा आपल्याच घरात असतो. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करणारा एक चौकोन असतो आणि संकेतस्थळ तयार होत असताना त्यावर केलेली खूण काढायची राहून गेली, तर 'नोइंडेक्स'ची, म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका' अशी, सूचना पाहून गूगल प्रत्येक पान वगळते. (हा चौकोन आधी तपासा, बाकीचे नंतर.)

मात्र नोंद होणे आणि वाचक येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानाचे शीर्षक 'मुखपृष्ठ' असे न ठेवता लोक ज्या शब्दांत शोधतात त्या शब्दांत द्यावे, मराठी मजकूर चित्रात न ठेवता युनिकोडमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांना वाचता येणाऱ्या अक्षरांत, टंकावा आणि आपल्या विषयाच्या इतर संकेतस्थळांवरून दुवे मिळतील असे लेखन करावे. याला काही महिने लागू शकतात.