काराकुलचा संकर : किती रक्त, कोणता रंग, कातडे कसे राखावे?

प्रश्न : आटपाडी भागात आमचा दख्खनी मेंढ्यांचा कळप आहे. काराकुल (कुरळ्या केसांच्या कोकरांच्या कातड्यासाठी पाळली जाणारी मध्य आशियातली मेंढीची जात) मेंढा लावला तर टोपीच्या कातड्याची कोकरे मिळतील का? राजस्थानात असे झाल्याचे ऐकतो.

उत्तर : झाले आहे, बिकानेरला. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्रावर १९७० च्या दशकात सोव्हिएत संघातून काराकुल आणले आणि मारवाडी, मालपुरा, सोनाडी मेंढ्यांवर लावले. त्यातला मुख्य धडा असा की पहिल्या पिढीवर थांबायचे नाही. अर्ध्या रक्ताची कोकरे बहुतेक काळी निपजतात, कारण काराकुलचा काळा रंग वरचढ असतो. मालक खूश होतो, पण कातडे हातात घेतल्यावर केस सैल आणि कुरळ, म्हणजे केसांची वळी, उघडी दिसते. त्या माद्यांवर पुन्हा शुद्ध काराकुल मेंढा लावावा, मात्र त्यांचा बाप नको. ही ७५ टक्के रक्ताची कोकरे घेण्याजोगे कातडे देतात. तिथे थांबून त्यांचीच नर-मादी आपसात लावावी. आणखी एक फेरी केलीत तर कुरळ सुधारेल, पण दुष्काळात दहा कोस चालणाऱ्या तुमच्या मेंढीचे रक्त आठवा हिस्साच उरेल. जी मेंढी तुमच्या माळावर जगत नाही, तिच्या कातड्याचा काय उपयोग?

दीड वर्षाची मादी लावली आणि पाच महिन्यांचा गाभण काळ धरला, तर एका पिढीला साधारण दोन वर्षे लागतात. म्हणजे ७५ टक्क्यांची पिढी आपसात लावण्याजोगी व्हायला सुमारे चार वर्षे. तोवर किमान चार-पाच वेगवेगळ्या वंशांचे मेंढे हवेत, नाहीतर आपसातल्या मेळात जवळच्या रक्ताची कमकुवत कोकरे येतात.

दख्खनीची लोकर जाडीभरडी आहे, ही जमेची बाजू. कळपात मेरिनोचे रक्त असेल तर त्या माद्या मात्र संकराच्या सुरुवातीला घेऊ नका. काराकुल कोरड्या मुलखाचा आहे. ओल्या गोठ्यात त्याचे खूर कुजतात, जंतही वाढतात. शिवाय तो जाड शेपटीचा. पुढच्या पिढीतल्या माद्यांची शेपूटही जाड होते, नवख्या मेंढ्याला अडचण येते, आणि ती माणसाने बाजूला धरावी लागते.

प्रश्न : राखाडी कातडे देखणे दिसते म्हणून राखाडी नर आणि राखाडी मादी लावली. काही कोकरे चरायला लागताच पोट फुगून मेली. रोग होता का?

उत्तर : रोग नव्हे, मेळ चुकला. दोन्हीकडून राखाडीचे जनुक मिळालेल्या कोकराच्या पोटाच्या मज्जातंतूंत दोष असतो. दूध पिताना ते ठीक दिसते, चारा सुरू झाला की दगावते. अशा मेळात सरासरी चारातले एक कोकरू असे निघते. जन्मल्याबरोबर तोंड उघडून पाहा: जीभ, टाळू आणि कान रंगहीन असतील तर ते हेच. राखाडीला नेहमी काळी जोडी द्या. निम्मी कोकरे राखाडी येतील आणि मरणार नाहीत. नामिबियात पांढऱ्या काराकुललाही हाच धोका आढळला आहे, म्हणून पांढऱ्यालाही पांढरे लावू नये.

प्रश्न : पैदाशीसाठी कोकरांची निवड कधी करावी? कातडे काढताना केस सुटतात, ते का?

उत्तर : निवड पहिल्या २४ तासांत. कोकरू वाळू द्या, मग पाठीचा मध्य, खांदा आणि शेपटीच्या बुडाजवळ कुरळ किती घट्ट आहे, चमक कशी आहे ते पाहा. दोन-तीन दिवसांत टोके उघडू लागतात, आठवड्याने केलेली नोंद फसवी ठरते. आईचा-बापाचा बिल्ला नंबर त्याच वेळी वहीत लिहा.

कातडे त्याच सुमारास काढतात. यासाठी गाभण मेंढी कापावी लागत नाही, पण नर कोकरे जन्मल्यावर लगेच कापावी लागतात. ज्याला हे मान्य नाही, त्याने या वाटेला जाऊच नये. जो जाईल त्याने कातडे तरी वाया घालवू नये, ते कोकराच्या जिवावर मिळालेले असते. केस सुटतात ते मुळाशी कुजल्याने: कातडे ढिगात ठेवणे, रक्त न धुणे, वाळायला उशीर. थंड पाण्याने धुवा, आतली चरबी हलक्या हाताने काढा, तागाच्या कापडाच्या चौकटीवर ताणून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात घातले तर चरबी वितळून आत मुरते, कातडे कडक होते आणि कमावताना फाटते.