बाबांच्या पोटातली घरघर

प्रश्न: बाबा ६९ वर्षांचे, देवगडला आंब्याची कलमं सांभाळतात. चाळीस वर्षं विडी. महिन्यापूर्वी पाठ दुखली, मग दोन्ही पाय सुजले, चार पावलं चाललं की धाप. हृदयाच्या नि लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरेना. आता सीटी अँजिओग्राफीत महाधमनी साडेसहा सेंटिमीटर फुगून शेजारच्या मोठ्या शिरेत फुटलेली दिसली. बाबा म्हणतात, आंबे उतरले की बघू. थांबावं का?

उत्तर: नाही. एक दिवसही नाही.

पोटात कण्यापुढे दोन मोठ्या वाहिन्या एकमेकींना खेटून असतात. महाधमनीतलं रक्त जोराच्या दाबानं खाली जातं, महाशिरेतलं अगदी कमी दाबानं हृदयाकडे परततं. महाधमनी एरवी दोनेक सेंटिमीटर रुंद. तिचा फुगा झिजत झिजत शिरेत उघडला, की हे होतं. दहांतल्या सुमारे आठ रुग्णांत कारण हेच. बाकीच्यांत भोसकल्याची किंवा गोळीची जखम, क्वचित मणक्याच्या गादीचं ऑपरेशन.

बाबांना असं सांगा: उधाणात खारबंदिस्तीला खांड पडली की खाडीचं पाणी शेतात घुसतं, तसं रक्त शिरेत घुसतंय. शिरेत दाब वाढला म्हणून पाय सुजले. मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं, लघवीतून रक्तही जाऊ शकतं. आणि शिरेत शिरलेलं रक्त कामाला न लागता परत हृदयाकडेच येतं. ते पुन्हा पुन्हा ढकलून हृदय थकतं. गोळीनं खांड बुजत नाही.

२२ वर्षांपूर्वी गुहागरच्या एका खलाशाच्या सुजेवर मी आठवडाभर लघवीच्या गोळ्याच देत राहिले. मग पोटावर स्टेथोस्कोप टेकवला, तर होडीच्या इंजिनासारखी अखंड घरघर. उशीर झाला होता, ते गेले. ती माझी चूक होती. तेव्हापासून पाय सुजलेला कुणीही आला की मी त्याच्या पोटाचा आवाज ऐकतेच.

उपाय ऑपरेशनच: फुगा उघडून आतून भोक शिवायचं आणि कृत्रिम नळी जोडायची. काहींना जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी, बसवता येतो. दोन्हींत धोका आहे, पण थांबण्यात त्याहून मोठा. कोल्हापूर असो की गोव्यातलं बांबोळी, रक्तवाहिन्यांचे सर्जन हजर आहेत का ते फोनवर विचारून आजच निघा. गाडी स्वतःची नको, अ‍ॅम्ब्युलन्सच घ्या. सीटीची सीडी आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत असू द्या. कलमं शेजारी बघतील.