गावी आलेल्या एका चाकरमान्याने विचारलंय: वारस नोंदीसाठी पाच हजार मागितले, तर एसीबीकडे, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, जावं का? काम कायमचं अडकेल का?

जावं. पण पैसे हातावर ठेवण्याआधी जावं.

सिंधुदुर्गात नोकरीला असताना मी एकदा एसीबीच्या सापळ्यात पंच, म्हणजे तटस्थ साक्षीदार, होतो. पंच म्हणून दुसऱ्या खात्यातल्या कर्मचाऱ्याला बोलावतात, नाही म्हणायची सोय नसते. तक्रारदार तुमच्यासारखाच चाकरमानी, चार दिवसांच्या रजेवर आलेला. वडील वारलेले, कलमांची बाग अजून त्यांच्याच नावावर, आणि नोंदीसाठी तुमच्याएवढेच पाच हजार मागितलेले.

पहिल्या दिवशी कुणाला धरलंच नाही. खिशात रेकॉर्डर देऊन त्याला आणि मला नुसतं बोलायला पाठवलं. मागणी सिद्ध झाली नाही, तर नोटा सापडूनही खटला टिकत नाही. पैसे मागणारा माणूस अगदी आपुलकीने बोलत होता, "तुमच्यासाठी चारात करतो." दुसऱ्या दिवशी नोटांना फिनॉल्फ्थलिनची पावडर लावली. तक्रारदाराला बजावलं, मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. समोरच्याने मागितले, मोजले, ड्रॉवरमध्ये टाकले. मग सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात त्याची बोटं बुडवली आणि पाणी पातळ कोकम सरबतासारखं झालं. ते बाटलीत भरून सील केलं, लेबलवर माझी सही. त्यानंतर कित्येक दिवस मला सरबत गेलं नाही.

कामाचं म्हणाल, तर रास्त काम मार्गी लागावं म्हणून विभाग स्वतः पाठपुरावा करतो, सापळ्यात गेलेली रक्कमही परत मिळते. आमच्या तक्रारदाराची नोंद नवीन माणसाने घातली. उशीर झाला, पण झाली. मात्र वारसांत बहिणीचं नाव गाळलेलं असेल, तर ते भांडण एसीबी सोडवत नाही. नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करा आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा, म्हणजे 'तुमचा कागदच आला नाही' हे ऐकावं लागणार नाही.

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही थेट गुन्हा आहे. नाइलाजाने दिलेच असतील, तर सात दिवसांत कळवा, म्हणजे तुम्ही सुटता. एसीबीचा टोल फ्री क्रमांक १०६४. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एसीबीच्या ठाणे परिक्षेत्रात येतात.

खरी कसोटी पुढे असते. खटल्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते, मग कोर्ट. माझी साक्ष झाली तोवर मी बदली होऊन दोन तालुके फिरलो होतो, आणि तक्रारदार पिंजऱ्यात म्हणाला, नीट आठवत नाही. गावकीने काय समजूत काढली असेल, ती मला न विचारताच कळली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की तक्रारदार फिरला, तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध होऊ शकते. आमच्या वेळी हा निकाल नव्हता. तो माणूस सुटला.

तेव्हा फोन करायचा तर घरी बसून करा, नाक्यावरच्या हॉटेलात नको. तिथे बोललेलं चहा संपायच्या आत वाडीभर होतं.