हन्ना आणि आना

प्रश्न : नातीचे नाव 'हन्ना' ठेवण्याचे घरात घाटत आहे. त्याचा अर्थ काय? गोव्यातील 'आना' हे नाव याच मूळचे आहे का?

उत्तर : होय, दोन्हींचे मूळ एकच आहे. 'हन्ना' हे नाव कृपा, अनुग्रह असा अर्थ असलेल्या हिब्रू धातूपासून आले असून, 'योहान' या नावाच्या उत्तरार्धातही तोच धातू आहे. बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्ना ही एलकानाची निपुत्रिक पत्नी. शिलो येथील मंदिरात ती केवळ ओठ हलवीत, आवाज न काढता प्रार्थना करते, तेव्हा याजक एलीला ती मद्य प्यालेली वाटते. ती मात्र नम्रपणे, पण ठामपणे त्याचा गैरसमज दूर करते. बायबलमधील स्त्रियांच्या बोलण्यात मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. पुढे तिला शमुवेल हा मुलगा होतो. मनापासून प्रार्थना कशी करावी, हे तालमुद या ज्यू धर्मग्रंथातील आचार्यांनी तिच्याच उदाहरणावरून सांगितले, आणि ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये आजही तिची कथा वाचली जाते.

ग्रीक-लॅटिनमध्ये आद्य 'ह' गळून 'आन्ना' झाले. येशूची आई मरिया हिच्या आईचे हे नाव बायबलमध्ये नाही. ते दुसऱ्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात येते, आणि तेथील निपुत्रिक आन्नेची कथा उघडच हन्नेच्या कथेवर बेतलेली आहे. पोर्तुगीजांबरोबर 'आना' गोव्यात आले. तिसवाडीतील तळावलीच्या सांत आना (म्हणजे याच संत आन्नेच्या) चर्चमध्ये जुलैत भरणाऱ्या तवशांच्या (काकड्यांच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, अपत्यप्राप्तीसाठी दांपत्ये आजही काकड्या वाहतात.